वाघळीच्या सड्यावरची सहा लाख झाडं

अपरांत राज्याच्या वित्त विभागात सहसचिव विश्राम परुळेकरांच्या टेबलावरून एखादी फाईल पहिल्या फेरीत पुढे गेली, असं कधी घडलं नव्हतं. कुठे सही असे पण तारीख नसे. कुठे तारीख असे पण ती रविवारची असे. परुळेकर चष्मा कपाळावर सरकवत, हिरव्या शाईने समासात दोन ओळी लिहीत आणि फाईल आली त्या वाटेने परत जाई. लोक चरफडत. परुळेकरांना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांनी चौतीस वर्षांत कधी कुणाचा एक पैसा खाल्ला नव्हता आणि कुणाला सुखाने खाऊही दिला नव्हता.

कोकणपट्टीचं वेगळं राज्य होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. साल दोन हजार त्रेचाळीस. उन्हाळा आता होळीआधीच सुरू होई आणि दिवाळीपर्यंत रेंगाळे, त्यामुळे घरोघरी एसी होते आणि प्रत्येक एसीवर 'थंडावा कर' होता. जितके तास यंत्र चालेल तितका कर, परस्पर वीजबिलात. या करातून राज्यभर झाडं लावू, असं वचन सरकारने दिलं होतं. त्यातली सर्वांत मोठी लागवड वाघळी गावाच्या सड्यावर झाली होती. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या कातळाचं मैलभर उघडं पठार. तिथे सहा लाख आकेशियाची झाडं डोलत आहेत, असं अर्थमंत्री रणधीर कोळंबेकर सलग दोन अर्थसंकल्पांत म्हणाले होते. बाकं वाजली होती.

आता विधिमंडळाच्या लोकलेखा समितीने वित्त विभागाला बोलावलं होतं: थंडावा कराचा हिशेब सांगा.

वास्तविक समितीपुढे जायचं काम सचिवांचं. पण बुधवारी सकाळी सचिवांच्या कंबरेत उसण भरली. ती किती दिवस राहील, हे त्यांनी समितीचं कामकाज किती दिवस चालणार ते विचारून मग सांगितलं. साडेदहाला मंत्र्यांचा फोन आला.

"परुळेकर, उत्तर तयार आहे. फक्त वाचायचं. झाडं लावली, रक्कम खर्ची पडली, जय हिंद."

"साहेब, पण ती फाईल..."

"फाईल बघायला कोण बसलंय? लावली असतील हो वनवाल्यांनी. एवढी माणसं आहेत त्यांच्याकडे."

परुळेकरांनी फोन ठेवला आणि उजव्या हाताच्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं. वाघळीची फाईल त्या कपाटात होती. तीन वर्षं तिथेच होती. मंजुरी नाही, म्हणून पैसे सुटले नव्हते. पैसे सुटले नाहीत, म्हणून झाडं लागली नव्हती. वन विभागाला वाटत होतं, वित्त विभाग बघेल. मंत्र्यांना वाटत होतं, वन विभागाने केलं असेल. खरी गोष्ट ठाऊक असलेला सबंध राज्यात एकच माणूस होता, आणि त्याने चष्मा कपाळावर सरकवला होता.

अशा वेळी परुळेकरांना भूक लागे. विधान भवनाच्या मागच्या धक्क्यावर फिलोमिनाची खानावळ होती. नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते, होड्या समुद्रात गेल्या होत्या, ताजा बांगडा आला होता. श्रावणामुळे गिऱ्हाईक कमी, तेव्हा फिलोमिनाने मोठे बघून दोन तळून वाढले. परुळेकरांनी दारावर नजर ठेवून ते खाल्ले, लिंबू आणि साबणाने तीनदा हात धुतले आणि वर वेलची चघळली.

ही सगळी खबरदारी घ्यायचं कारण होतं त्यांची बायको, कुंदा. सव्वादोन वर्षांपूर्वी परुळेकरांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा कुंदाने गावच्या देवीला नवस बोलला होता: हा माणूस धडधाकट घरी येऊ दे, तो निवृत्त होईपर्यंत आम्ही दोघं मासळीला शिवणार नाही. कुंदा मालवणची. तिच्या माहेरी मुलांना अक्षरओळखीच्या आधी माशांची ओळख होई. तरी तिने नवस पाळला होता. परुळेकरांनीही पाळला होता. बुधवार सोडून.

तीन वाजता समिती बसली. कामकाज थेट दाखवायची पद्धत राज्याने पहिल्या वर्षापासूनच ठेवली होती, त्यामुळे भिंतीवर चार कॅमेरे होते. अध्यक्षपदी आमदार सुमित्राबाई घाडीगावकर. राजकारणात येण्यापूर्वी त्या एकवीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या आणि गर्दीतून वाट काढायची सवय त्यांच्या आवाजात अजून होती.

"वाघळीच्या सड्यावर सहा लाख झाडं लावली, हे खरं आहे काय?"

परुळेकरांनी कागदाकडे पाहिलं. कागदावर 'होय' लिहिलं होतं. त्यांच्या तोंडून ते निघेना.

"अंशतः खरं आहे."

"अंशतः म्हणजे? झाड अर्धं लावलंय? वरचं की खालचं?"

सभागृह हसलं. परुळेकर म्हणाले, "सदर बाब प्रगतिपथावर आहे."

"परुळेकर, पुढे सरका, पुढे सरका. उत्तर दारातच अडकलंय तुमचं."

सुमित्राबाईंच्या उजव्या हाताला आमदार जयराज चौगुले बसले होते. 'सात्त्विक श्रावण' ही मोहीम त्यांचीच. राज्यभर त्यांचे हात जोडलेले फलक लागले होते. त्यांनी घसा खाकरला. "अध्यक्षमहोदया, पैसा जनतेचा आहे. एकेका झाडाचा जाब द्यावा लागेल!"

"देतीलच," सुमित्राबाई म्हणाल्या. "मी पाहुण्या बोलावल्यात. डॉक्टर, या."

आत आल्या त्या डॉ. फरिदा मुकादम. रत्नागिरीच्या, जीवशास्त्रज्ञ, पन्नाशीच्या, पायात चिखलाचे बूट. त्यांच्या हातात प्रेशर कुकरएवढं यंत्र होतं, त्याला पुढे एक लवचिक सोंड. कागदोपत्री त्याचं नाव 'सजीव-वायुवाचक' होतं. पण त्यांच्या प्रयोगशाळेतल्या बायका त्याला 'हुंगणी' म्हणत आणि तेच नाव पडलं होतं.

"हे काय हुंगतं?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"हवा," फरिदाबाई म्हणाल्या. "बघा, जिवंत असलेली प्रत्येक गोष्ट सारखी झडत असते. आपली कातडी झडते, गाईचा केस गळतो, झाडाचे पराग उडतात, बेडूक पाण्यात चिकटा सोडतो. या प्रत्येक कणात डीएनए असतो. तो म्हणजे त्या जीवाचा सातबारा. हा कण कुणाचा, ते त्यात लिहिलेलं असतं. हे कण हवेत तरंगतात. हुंगणी हवा ओढते, जाळीवर कण अडकवते, त्यातल्या डीएनएच्या तुकड्यांच्या लाखो प्रती काढते आणि आमच्याकडच्या यादीशी पडताळून बघते. पूर्वी याला आठवडे लागत. आता नऊ मिनिटं. कोण कोण आहे ते कळतं, आणि कण किती आहेत त्यावरून साधारण किती आहे तेही कळतं."

"म्हणजे झाडं मोजायला सड्यावर जायला नको?"

"जायला लागतंच. तिथली हवा भरायला. ती मी भरून आणलीये. पण आधी तुम्हाला खात्री पटावी म्हणून या खोलीचीच हवा घेऊ."

परुळेकरांनी आणखी एक वेलची तोंडात टाकली.

नऊ मिनिटं गेली. मग पडद्यावर यादी उमटली. माणूस. मांजर, एक. ती अध्यक्षांच्या खुर्चीखाली झोपलेली निघाली. पाल. झुरळ. उंदीर, बरेच. कसर, भरपूर. "ही तुमच्या फायलींतली," फरिदाबाईंनी परुळेकरांना समजावलं. भात, नारळ, वेलची. शेवटी दोन ओळी होत्या: कोंबडी, अल्प. बांगडा, तीव्र.

चौगुल्यांनी आपली खुर्ची टेबलापासून वीतभर मागे घेतली.

"श्रावण चाललाय," सुमित्राबाई संथपणे म्हणाल्या. "डॉक्टर, ही सोंड कुठे जास्त हुंगते, ते कळतं का?"

"हो, पण याची गरज..."

"आहे. यंत्र खरं बोलतं का, ते समितीला बघायचंय."

सोंड टेबलाभोवती फिरू लागली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सत्ताधारी आणि विरोधी आमदार एकसारखे श्वास रोखून बसले. चौगुल्यांपाशी 'कोंबडी'चा दिवा लागला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"बिस्किटातलं अंडंसुद्धा असू शकतं," फरिदाबाई पटकन म्हणाल्या. त्या मनाने चांगल्या होत्या.

"बिस्कीट!" चौगुले ओरडले. "बिस्कीटच ते!"

मग सोंड साक्षीदाराच्या टेबलाकडे वळली आणि परुळेकरांच्या उजव्या मनगटापाशी येऊन थांबली. लाल दिवा लागला, पिवळा लागला, आजवर कुणी न पाहिलेला जांभळाही लागला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं: बांगडा. त्याच्याशेजारी, कुणाला शंका राहू नये म्हणून, माशाचं चित्र.

परुळेकरांनी हात धुतले होते, पण शर्टाची बाही धुतली नव्हती.

लोक हसत होते. परुळेकरांना ते ऐकू येत नव्हतं. त्यांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी टेबलाखाली धरून पाहिला. कुंदाचा निरोप होता, एकाच शब्दाचा: "बांगडा?"

"असो," सुमित्राबाई म्हणाल्या, "यंत्र चोख आहे. आता सड्याची हवा."

फरिदाबाईंनी दुसरी यादी लावली. सहा दिवस, चाळीस जागा, वारा बदलेल तशी. सड्यावर दोनशे चौदा प्रकारचे सजीव सापडले होते. आकेशिया: शून्य.

"सहा लाख झाडं असती तर परागांचा नुसता धुरळा मिळाला असता," फरिदाबाई म्हणाल्या. "तिथे एक झाड नाही."

चौगुले उठून उभेच राहिले. कोंबडीतून सुटका झाल्याने त्यांच्या आवाजाला धार आली होती. "कुठे गेली झाडं? कुणी खाल्ले पैसे?"

परुळेकरांनी समोरचा कागद पाहिला. 'रक्कम खर्ची पडली.' एवढं वाचलं की झालं. पुढचं मंत्री बघून घेतील, चौकशी वन विभागाकडे जाईल, सात महिन्यांनी आपण निवृत्त. पण शर्टाच्या बाहीवरचा बांगडा सगळ्या राज्यासमोर उघडा पडल्यावर माणसाला सहा लाख झाडं लपवायची ताकद उरत नाही. त्यांनी कागदाची घडी घातली.

"पैसे कुणी खाल्ले नाहीत. सगळेच्या सगळे तिजोरीत आहेत. झाडं लावलीच नाहीत."

"का?"

"फाईल माझ्या कपाटात आहे म्हणून."

इतकी शांतता झाली की खुर्चीखालची मांजर उठून बाहेर गेली.

"तीन वर्षं?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"तीन वर्षं दोन महिने. अंदाजपत्रकात सहा लाख खड्डे खोदायचा दर मातीच्या जमिनीचा लावला होता. वाघळीचा सडा कातळाचा आहे. मी विचारलं, कातळात खड्डा मातीच्या दराने कसा होणार? सुरुंग लावणार असाल तर परवानगी कुणाची? आणि खड्ड्यात घालायला माती कुठून आणणार, कुणाच्या शेतातून? तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. म्हणून फाईल ठेवून घेतली."

"आणि मंत्री विधानसभेत 'झाडं डोलताहेत' म्हणाले, तेव्हा तुम्ही बोलला नाहीत?"

परुळेकरांनी मान खाली घातली. "नाही. ते चुकलं माझं. कागदावर विचारायची सवय आहे मला. तोंडाने नाही."

सभागृहात एकच गिल्ला झाला. निष्क्रिय अधिकारी, जनतेशी द्रोह, निलंबन करा. त्या गदारोळात फरिदाबाई हात वर करून उभ्या होत्या. सुमित्राबाईंनी टेबलावर थाप मारली.

"अध्यक्ष, मला यांचे आभार मानायचेत," फरिदाबाई म्हणाल्या.

"कशाबद्दल?"

"झाडं न लावल्याबद्दल. सडा बाहेरून ओसाड दिसतो, म्हणून जो तो तिथे झाडं लावायला धावतो. पण पावसाळ्याचे चार महिने त्या कातळावर बोटभर मातीत जे उगवतं त्यातलं बरंच जगात दुसरीकडे उगवत नाही. सीतेची आसवं नावाची जांभळी फुलं आहेत, किडे खाणारं दवबिंदू आहे, नखाएवढे बेडूक आहेत. वर आकेशियाची सावली पडली असती तर दोन पावसाळ्यांत सगळं संपलं असतं. सुरुंगाने कातळ फुटला असता, तर खालच्या चार वाड्यांचे झरेही गेले असते. आणि यादीत शेवटची ओळ बघा. 'ओळख नाही.' हे एक रोप आहे. जगातल्या कुठल्याच यादीत नाही. ते पहिल्यांदाच सापडलंय."

समितीने क्षणभर विचार केला आणि मग परुळेकरांनी चौतीस वर्षांत न पाहिलेला चमत्कार झाला. चौगुले म्हणाले, त्यांचा अशा लागवडीला पहिल्यापासून विरोध होता. दुसऱ्या एका आमदारांनी सडा आपल्या मतदारसंघात येतो, हे नोंदवून घ्यायला सांगितलं. तिसऱ्याने विचारलं, तिजोरीतल्या रकमेचं काय करायचं ठरलंय? कारण त्यांच्या गावच्या बंदरावर कारंजी बसवणं हेही पर्यावरणच आहे. त्यानंतर बराच वेळ प्रत्येकाच्या गावात पर्यावरण निघत राहिलं. एका ठिकाणी ते शादीखान्याच्या गच्चीवर होतं, एका ठिकाणी आमदारनिवासाच्या वाहनतळात.

शेवटी सुमित्राबाईंनी लिहून घेतलं: यापुढे थंडावा कराचा एक रुपयाही हवेच्या वाचनाशिवाय सुटणार नाही. काम करण्यापूर्वी एकदा, नंतर एकदा. तिथलं जिवंतपण वाढलं तर बिल मिळेल, घटलं तर वसुली. मग परुळेकरांकडे पाहून त्या म्हणाल्या, "तुम्ही सडा वाचवलात म्हणायचा."

"मी काही वाचवलं नाही, बाई. मी सडा बघितलेलाही नाही. मी दर बघितला."

दालनाबाहेर येताच मंत्र्यांचा फोन आला. "परुळेकर, तुम्ही मला खड्ड्यात घातलंत!"

"साहेब, तिथे खड्डा होतच नाही," परुळेकर म्हणाले. आपण विनोद केला, हे फोन बंद झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

घरी कुंदा खिडकीपाशी बसली होती. रडली नव्हती, ओरडलीही नाही. दोघं कॉलेजात एका वर्गात होते आणि इतक्या वर्षांत तिचं भांडण त्यांना पाठ झालं होतं. हे वेगळं होतं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"बुधवारी. फक्त बुधवारी."

"सव्वादोन वर्षांचे बुधवार किती होतात? तुला येतं गणित." ती उठली. "विश्राम, मी बाजारात गेले की मासळीची गल्ली टाळून उलटा वळसा घेते. वास आला तरी जीव तुटतो म्हणून. तू दवाखान्यात निळा पडला होतास, तेव्हा माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. जे सगळ्यात आवडतं ते दिलं. तुला झेपत नव्हतं तर मला सांगायचंस. मी देवीशी बोलले असते. तू एकट्याने खाल्लास."

त्या आठवड्यात घरात रोज दुधी झाला.

बाहेर मात्र हुंगणीची धमाल उडाली. दोन महिन्यांत तिची स्वस्त आवृत्ती बाजारात आली. खानावळींच्या दारात ग्राहक सोंड घेऊन उभे राहू लागले. शुद्ध तुपात पाम तेल सापडलं, हापूसच्या रसात भोपळा सापडला. एका लग्नात मुलीच्या मामाने नवऱ्या मुलाच्या कोटावर सोंड धरली, त्यात मांजर निघालं, आणि मुलीला मांजर वर्ज्य म्हणून लग्न घटकाभर खोळंबलं. काही सोसायट्यांनी भाडेकरूंचे श्वास तपासायला सुरुवात केली तेव्हा मात्र हसू थांबलं. फरिदाबाई तावातावाने सुमित्राबाईंकडे गेल्या. यंत्र रानासाठी केलंय, माणसांच्या ताटात नाक खुपसायला नाही. सुमित्राबाईंनी विधेयक आणलं: हुंगणी कोणत्याही माणसावर रोखता येणार नाही. ते अकरा मिनिटांत एकमताने मंजूर झालं. राज्याच्या इतिहासातला तो सर्वांत जलद झालेला कायदा. चौगुल्यांनी दोन्ही हात वर केले होते.

त्याआधी, पहिल्याच आठवड्यात, देशभरातली वर्तमानपत्रं वाघळीबद्दल लिहू लागली होती आणि मंत्री कोळंबेकरांचा सूर बदलला होता. एका सभेत ते म्हणाले, झाडं न लावणं हे त्यांच्या सरकारचं दूरदृष्टीचं धोरण होतं. त्याला त्यांनी 'नलावणी' असं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परुळेकरांना चहाला बोलावलं.

"एक छोटी टिपणी लागेल. 'मंत्रीमहोदयांच्या तोंडी सूचनेनुसार फाईल थांबवली.' तीन वर्षांपूर्वीची तारीख. निवृत्तीनंतर कर न्यायाधिकरणावर एक जागा आहे. पाच वर्षं. गाडी, बंगला." त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "विचार करा."

परुळेकरांनी विचार केला. शस्त्रक्रियेचे हप्ते अजून चालू होते. मुलगी परदेशी शिकत होती. टिपणीत खोटं ते किती, एकच ओळ. बंगल्याला बाग असेल, कुंदाला बाग हवी होती. ते घरी आले, बूट न काढता दिवाणावर बसले आणि आठ दिवस त्यांच्याशी न बोलणाऱ्या बायकोला सगळं सांगून टाकलं.

कुंदा भाजी निवडत होती. हात थांबले. "मग काय म्हणालास?"

"म्हटलं, मागची तारीख घालता येत नाही."

"एवढंच?"

"आणि चहात साखर जास्त आहे म्हटलं. तेही खरंच होतं."

कुंदा हसली. आवरायचा प्रयत्न केला तरी हसली. भाजी बाजूला ठेवून म्हणाली, "रविवारी गावी जाऊ. देवीला कौल लावू. लपून खाण्यापेक्षा विचारून काय तो निकाल लागू दे."

रविवारी देवळात गुरवाने देवीच्या मूर्तीला ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्याने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवी म्हाराजा, ह्या लेकरान नवस मोडल्यान, चुकी कबूल केल्यान..." देवळात जमलेले पंधरा-वीस जण म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यातल्या प्रत्येकाने समितीचं कामकाज पाहिलं होतं. परुळेकरांना ही दुसरी समिती पहिलीपेक्षा कठीण वाटली.

गुरव जाणता होता. म्हणाला, नवस दोघांचा असला तरी प्रश्न दोन. आधी वैनींचा लावतो. कुंदाचं नाव घेतलं मात्र, उजवी कळी टपकन पडली. नवस सुटला. मग परुळेकरांचं नाव घेतलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली, दोघातिघांना खोकला आला. मग डावी कळी पडली.

"निवृत्तीपर्यंत," गुरव म्हणाला. "आता बुधवारपण नाय."

त्या संध्याकाळी मेव्हण्याकडे कुंदाने सुरमईच्या चार तुकड्या खाल्ल्या, सावकाश, डोळे मिटून. परुळेकरांनी समोर बसून वरणभात खाल्ला. ते मनापासून म्हणाले, की आपल्याला आजचा वरणभात फार छान लागला. यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. पण ते खरं होतं.

टिपणी न दिल्याचा परिणाम व्हायचा तो झाला. न्यायाधिकरणावर दुसरा कुणीतरी गेला आणि परुळेकरांची बदली नव्या 'हवावाचन कक्षात' झाली. दोन खोल्या, एक शिपाई, गळकं छप्पर. मंत्र्यांना ती शिक्षा वाटत होती. काम मात्र असं होतं, की दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या रानात जावं लागे. खुर्चीत बसून पोट सुटलेल्या परुळेकरांना पहिल्या आठवड्यात पायाला फोड आले, चौथ्यात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

भाद्रपदाच्या अखेरीस समिती वाघळीच्या सड्यावर पाहणीला आली. सुमित्राबाईंनी आमदारांच्या गाड्या पायथ्याशीच थांबवल्या आणि सगळ्यांना एकामागे एक, अनवाणी वर चालवलं. "रांग सोडायची नाही. पाय फक्त उघड्या कातळावर ठेवा." चौगुले सर्वांत मागे धापा टाकत होते. परुळेकरांनी कुंदालाही आणलं होतं, आपल्या खर्चाने. तसा अर्ज त्यांनी स्वतःच लिहून स्वतःच मंजूर केला होता.

सगळे वर पोचले. ज्या पठाराचा दर परुळेकरांनी तीन वर्षं तपासला होता ते जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फुलांनी काठोकाठ भरलं होतं. मधल्या उथळ पाण्यात आभाळ होतं.

फरिदाबाई एका खळग्यापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. "हेच ते. ओळख नसलेलं. परुळेकर, या. पण उभ्याने नाही दिसणार."

परुळेकर ओल्या कातळावर पालथे झाले. फरिदाबाईंनी भिंग हातात दिलं. आधी नुसती हिरवट बुरशी दिसली. मग तिच्यात तिळाएवढी पांढरी फुलं दिसली, प्रत्येकाला पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीवर केसाएवढी एक गुलाबी रेघ. कुणी मागितलं नव्हतं, कुणी लावलं नव्हतं, कुणाची मंजुरी नव्हती. ते कितीतरी वेळ तसेच पडून राहिले. सदरा भिजला, चष्म्यावर पाणी आलं, मागे चौगुले फोटोसाठी कुठे उभं राहायचं ते विचारत होते.

कुंदाने पदर खोचला आणि ती त्यांच्या शेजारी कातळावर ओणवी झाली.

"दिसलं का?"

"दिसलं."

"मग सरक की जरा. मला बघू दे."